लॅम्बोचे दरवाजे वर का उघडतात? मार्चेलो गांदिनी आणि रस्त्यावर न आलेली आपली गाडी

१३ मार्च २०२४ ला इटलीत मार्चेलो गांदिनी गेले. वय ८५. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्यांचं काम तुमच्या फोनमध्ये नक्की आहे. रील्समध्ये ‘लॅम्बो डोअर’ सर्च करा. कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे, जमिनीला चिकटलेली पाचरीसारखी बॉडी, मागे इंजिन. सुपरकार म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते मोठ्या प्रमाणात या एका माणसाने काढलेलं आहे.

आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या महिन्यात दुसरीच बातमी फिरत होती: वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा सरकारचा निर्णय. त्या गर्दीत तुरीनमधल्या एका डिझायनरच्या मृत्यूची बातमी दिसणार तरी कुठे? ग्रुपवर ज्यांनी ती टाकली त्यांनीही ‘लॅम्बोर्गिनीचा बाप गेला’ एवढंच लिहिलं. खाली तीन रडके इमोजी, आणि विषय संपला.

विषय तिथे संपू नये असं मला वाटतं, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे, गांदिनींच्या गाड्यांची आपण सगळ्यात जास्त कॉपी करतो ती त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. दुसरं म्हणजे, त्यांची शेवटच्या काळातली एक कल्पना थेट आपल्या पुण्याच्या कंपनीपर्यंत आली होती आणि ती अर्ध्यात राहिली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, गाड्या बनवत नाही. पण हा प्रश्न मला माझ्या कामासारखाच दिसतो: वरचा स्क्रीन कसा दिसतो त्यापेक्षा आतलं आर्किटेक्चर काय आहे?

चौघे, आणि सगळे तिशीच्या आतले

गांदिनींचा जन्म १९३८ चा, तुरीनचा. वडील ऑर्केस्ट्राचे संचालक होते. घरातून अपेक्षा वेगळी होती, शिक्षणही क्लासिकल शाखेचं. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. १९६५ मध्ये ते बेर्तोने या डिझाइन कंपनीत आले, ज्योर्जेत्तो जुजारो यांच्या जागी. जुजारोही मोठं नाव, आणि गंमत म्हणजे त्यांचाही जन्म १९३८ चाच.

पुढच्याच वर्षी, मार्च १९६६ मध्ये, जिनिव्हा मोटर शोमध्ये लॅम्बोर्गिनी मिउरा उभी राहिली. त्या काळात दमदार गाडी म्हणजे पुढे लांबलचक बॉनेट आणि त्याखाली इंजिन. मिउरात १२ सिलिंडरचं जवळपास ४ लिटरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे होतं, आणि तेही आडवं.

हे आडवं का ते समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. व्ही-१२ इंजिन लांबीला मोठं. ते उभं ठेवून त्यामागे गिअरबॉक्स लावला तर गाडी रेल्वेच्या डब्यासारखी लांब होते. लॅम्बोर्गिनीच्या इंजिनिअर्सनी इंजिन आडवं फिरवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच ब्लॉकला जोडून टाकला. ही युक्ती १९५९ च्या ब्रिटिश मिनीत होती, म्हणजे एका छोट्या स्वस्त फॅमिली गाडीत. आपली मारुती ८०० सुद्धा आडव्या इंजिनाचीच. म्हणजे जगातल्या पहिल्या सुपरकारपैकी एक आणि आपल्या मधल्या आळीतली जुनी मारुती, दोघींचं दूरचं नातं आहे.

इंजिन मध्ये आणल्याने काय होतं? स्कूटरवर तांदळाचं पोतं नेलं असेल तर तुम्हाला हे माहीत आहे. पोतं पायाशी ठेवलं तर गाडी वळणावर ऐकते. तेच मागच्या कॅरियरला बांधलं तर भोरहून वरंधा घाटाकडे जाताना प्रत्येक वळणावर मागचा भाग बाहेर ओढतो. वजन मध्याजवळ असेल तर गाडीला दिशा बदलायला कमी जोर लागतो. मिड-इंजिन गाडीचं गणित एवढंच.

मिउराचं इंजिनिअरिंग जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तांझानी यांचं, टेस्टिंग न्यूझीलंडच्या बॉब वॉलेसचं, बॉडी गांदिनींची. मार्च १९६६ मध्ये या चौघांपैकी एकानेही तिशी गाठली नव्हती. गांदिनी २७ वर्षांचे होते. मी आज साधारण त्याच वयाचा आहे आणि माझ्या ऑफिसात या वयाच्या माणसाला ‘अजून थोडा अनुभव येऊ दे’ असं सांगतात.

पाचर आली ती वाऱ्यामुळे

मिउरा दिसायला देखणी होती, पण वेग वाढला की तिचं नाक हलकं व्हायचं. पेट्रोलची टाकी पुढे होती, त्यामुळे टाकी रिकामी होत गेली की पुढचं वजन आणखी कमी. जोरात जाताना पुढची चाकं हलकी होणं म्हणजे स्टिअरिंगवरचा भरवसा जाणं.

१९६८ मध्ये पॅरिसला गांदिनींनी अल्फा रोमिओ काराबो ही कॉन्सेप्ट गाडी दाखवली. नाक एकदम खाली, तिथून मागेपर्यंत सरळ चढत जाणारी रेघ. लाकूड फोडताना आपण पाचर मारतो, अगदी तो आकार. हवा नाकाखाली शिरून गाडी उचलायच्या ऐवजी वरून दाबत जाईल, हा त्यामागचा विचार. आकार आधी सुचला आणि मग कारण शोधलं असं झालेलं नाही. आधी गाडीचं नाक उचललं जात होतं, आणि त्याचं उत्तर म्हणून पाचर आली.

कात्रीसारखे वर उघडणारे दरवाजे पहिल्यांदा दिसले तेही याच काराबोवर. १९७० मध्ये लॅन्सिया स्ट्रॅटोस झीरो आली. उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा फार तर वीतभर उंच. आत शिरायला बाजूला दरवाजाच नाही, समोरची काच उचलून आत उतरायचं. ही गाडी विकायची नव्हती, लोकांना हलवायची होती. पण तिच्यातूनच लॅन्सियाला पटलं आणि पुढे जी स्ट्रॅटोस आली तिने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद आणलं. तीही गांदिनींचीच. चिखल, बर्फ, घाटरस्ते यांवर जिंकणारी गाडी.

मग दरवाजे वर का?

१९७१ ला जिनिव्हात कुन्ताच दिसली, १९७४ ला विक्रीला आली. स्पेलिंग बघून आपण तिला काहीही म्हणतो, पण तुरीनच्या बाजूच्या बोलीत हा आश्चर्याचा उद्गार आहे. आपल्याकडे ‘आयला!’ म्हणतात तसा. गाडीचं नाव चक्क ‘आयला’.

या गाडीत स्तांझानींनी इंजिन पुन्हा उभं केलं, पण उलटं. गिअरबॉक्स पुढे, दोन सीटांच्या मध्ये, इंजिन त्यामागे. वजन मध्याकडे आलं, गाडी आखूड झाली, पण त्यासाठी सीटा पुढे सरकल्या. नळ्यांची चासी रुंद, त्यामुळे दाराखालचा उंबरा जाड. दार लांब. आता एवढं लांब दार नेहमीसारखं बाहेर उघडलं तर शेजारी दुसरी गाडी उभीच करता येणार नाही. दार वर उचललं की प्रश्न मिटला.

दुसरी अडचण म्हणजे मागचं जवळपास काहीच दिसत नव्हतं. म्हणून रिव्हर्स घेताना ड्रायव्हरने दार वर करायचं, त्या रुंद उंबऱ्यावर बसायचं आणि मान बाहेर काढून मागे बघायचं. आजच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचं काम तेव्हा तो दरवाजा करत होता! पहिल्या प्रोटोटाइपचं इंजिन तापायला लागलं तेव्हा बाजूला हवेचे मोठे पंखे-कान आणि खाचा आल्या. म्हणजे रीलमध्ये जी ‘अॅग्रेसिव्ह’ दिसते ती जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी त्रासाचं उत्तर होती.

फोनचं उदाहरण घ्या. चांगल्या फोनचा कॅमेरा पाठीवर उंचवटा करून बाहेर येतो, कारण मोठा सेन्सर आणि लेन्स यांना खोली लागते. तो उंचवटा कुणाला आवडतो म्हणून नसतो. मग काही स्वस्त फोन येतात, ज्यांच्यावर तीन गोल दिसतात आणि त्यातला एक नुसता दिखाव्याचा असतो. उंचवटा आहे, पण आतमध्ये लेन्स नाही.

किटचे दरवाजे

माझा मामेभाऊ आयटीआय करून शिरवळकडच्या एका कंपनीत टूलरूमला आहे. भोर-वेल्ह्यातली बरीच पोरं सकाळी अशीच शिरवळला किंवा खेड शिवापूरला जातात. त्याने जुनी हॅचबॅक घेतली आहे, आणि मध्यंतरी त्याने मला दरवाजाच्या किटची लिंक पाठवली. मूळ बिजागरी काढायची, ही बसवायची, दार वर उघडतं.

मी फोन केला. म्हटलं, “कशाला पाहिजे तुला?”

“दादा, नेकलेस पॉइंटला गाडी लावली ना, की लोक थांबतात बघ फोटो काढायला.”

नीरेचं ते वळण बघायला पुण्याहून रविवारी किती गाड्या येतात ते आम्हा भोरकरांना माहीत आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी त्याला ज्या गोष्टी सांगितल्या त्या तुम्हालाही सांगतो, कारण लिंक तुमच्यापर्यंतही येणार आहे.

पहिली गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ज्या स्वरूपात गाडी दिली आणि नोंदवली गेली ते मूळ स्वरूप मालकाला मनाने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट इंजिनिअरिंगची. तुमच्या गाडीचं दार, बिजागरी, लॉक आणि खांब हे सगळं मिळून बाजूने धडक बसली तर मार झेलतं. त्यातली एक कडी बदलली की बाकीच्यांचा हिशोब चुकतो. गाडी उलटली तर वर उघडणारं दार उघडायला जागाच राहत नाही. वर उघडणाऱ्या दारांच्या मर्सिडीज एसएलएसमध्ये यासाठी बिजागरीत छोटे स्फोटक बोल्ट दिले होते, म्हणजे उलटल्यावर दार सुटून पडेल. ऑनलाइन किटमध्ये तसलं काही नसतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हॅचबॅकला रुंद उंबरा नाही, दार अवाढव्य नाही, मागचं व्यवस्थित दिसतं. म्हणजे गांदिनींचा दरवाजा ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्नच त्या गाडीत नाही.

मामेभावाने ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, “दादा, ह्या लॅम्बोचा पत्रा प्रेसवर मारलेला नसणार ना? एवढ्याशा गाड्यांसाठी कोण डाय बनवेल?”

या एका वाक्यात तो गांदिनींच्या उरलेल्या आयुष्याच्या कामापर्यंत पोचला होता.

डायचा हिशोब

आपण रोज बघतो त्या गाड्यांची बॉडी स्टीलच्या पत्र्यातून होते. सपाट पत्रा मोठ्या प्रेसमध्ये जातो, वरून आणि खालून पोलादी डाय दाबला जातो, की दरवाजा किंवा बॉनेट तयार. एका भागाला एक डाय पुरत नाही. आकार देणं, कापणं, भोकं पाडणं, कडा मुडपणं यासाठी क्रमाने अनेक डाय लागतात. ते बनवून पॅनेल बरोबर येईपर्यंत ट्रायआउट चालतात. एका अख्ख्या गाडीच्या डायचा खर्च कोटींत जातो.

गाड्या लाखांनी विकल्या तर हा खर्च प्रत्येक गाडीमागे किरकोळ होतो. पण पाचशेच गाड्या विकायच्या असतील तर? पेणच्या गणपतीसारखा विचार करा. एका साच्यातून हजारो मूर्ती निघाल्या तर साच्याचा खर्च कुणाला कळतही नाही. पण एकच मूर्ती करायची तर साचा कोण करेल? हाताने घडवलेली बरी. कुन्ताचचं अॅल्युमिनियम तसंच हाताने ठोकून घडवलं जायचं. १९७४ ते १९९० या १६ वर्षांत सगळ्या मिळून दोन हजारही कुन्ताच झाल्या नाहीत. हाताचं काम म्हणून किंमतही तशीच.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही या बाबतीत लाडावलेले आहोत. अॅप एकदा लिहिलं की दहा लोकांनी डाउनलोड केलं काय आणि दहा लाखांनी केलं काय, पुढची कॉपी जवळपास फुकट. पत्र्यात तसं होत नाही, आणि म्हणूनच भारतात स्पोर्ट्स कार बनवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा इथे येऊन अडकले.

१९९८ मध्ये गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म आणली. दोन सीटांची उघडी गाडी, आराखडा फ्रान्समधला, रेनॉचं १.२ लिटरचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, बॉडी फायबरग्लासची. फायबरग्लास का? डायचा खर्च टाळायला. साचा स्वस्त पडतो, पण प्रत्येक बॉडीला वेळ आणि माणसाचा हात जास्त लागतो. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांच्या डीसीने अवंती दाखवली. मध्ये रेनॉचं २ लिटर टर्बो इंजिन, तीही थोड्याच संख्येत बनवायची म्हणूनच आखलेली. दोन्ही प्रयत्नांत हिंमत होती. पण कमी गाड्यांत पैसे सुटतील असं बनवायचं कसं, हा प्रश्न दोन्हींच्या मागे उभाच राहिला.

तुरीनहून पुण्यापर्यंत

१९८० च्या सुमाराला गांदिनी बेर्तोनेतून बाहेर पडले आणि स्वतंत्र काम करू लागले. पुढे त्यांनी बऱ्याच गाड्या केल्या, अगदी १९८२ ची सित्रोएन बीएक्स ही फॅमिली गाडीसुद्धा, जिचं बॉनेट आणि मागचं दार वजन वाचवायला प्लास्टिकचं होतं. पण त्यांचा जीव आकारापेक्षा जास्त रमला तो गाडी बांधण्याच्या पद्धतीत: भाग कमी कसे करायचे, जोडणी सोपी कशी करायची, कारखाना छोटा कसा ठेवायचा.

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाला टाटा मोटर्सने टामो या नव्या छोट्या ब्रँडखाली रेसमो नावाची गाडी दाखवली. दोन सीटा, १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन मध्ये, १९० पीएस ताकद, शून्य ते १०० किलोमीटर वेग ६ सेकंदांच्या आत. दरवाजेही वर उघडणारे. टाटांचे डिझाइन स्टुडिओ पुणे, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री आणि तुरीन अशा तीन ठिकाणी, आणि रेसमोवर तुरीनची छाप होती. पण खरी बातमी पत्र्याच्या खाली होती. तिचा सांगाडा ‘मॉफ्लेक्स’ नावाच्या रचनेचा होता, वेगवेगळ्या मटेरियलचं सँडविच असलेला, आणि तो मार्चेलो गांदिनी यांच्या सहकार्याने तयार झाला होता.

सँडविच म्हणजे काय? पार्सलचा पुठ्ठा कापून बघा. बाहेर दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी हलका थर. एकेकटा कागद लगेच वाकतो, पण तिघं मिळून तुमचा फोन कुरिअरमध्ये सांभाळतात. वजनाच्या मानाने मजबुती भरपूर. कंपनीचा दावा असा होता की या रचनेमुळे बरेच वेगळे भाग एकत्र करता येतील, वरच्या आकाराला मोकळीक मिळेल, आणि मुख्य म्हणजे कमी संख्येत गाड्या विकूनही खर्च भरून निघेल.

माझ्या मामेभावाच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर होतं. आणि ते विकत घ्यायला निघाली होती पिंपरीत कारखाना असलेली आपली कंपनी.

त्याच वेळी अशीही घोषणा झाली की रेसमो फोर्झा होरायझन ३ या मायक्रोसॉफ्टच्या रेसिंग गेममध्ये येणार. तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर या बातमीवर किती मेसेज पडले होते ते मला आठवतंय. भारतीय गाडी, फोर्झामध्ये!

२०१७ संपता संपता बातम्या आल्या की प्रकल्प बाजूला ठेवला. टाटांचा प्रवासी गाड्यांचा धंदा तेव्हा तोट्यात होता, खर्च कापायचा होता, आणि नेहमीच्या विकणाऱ्या गाड्यांना पैसा हवा होता. हा निर्णय मला समजतो. पुढच्या काही वर्षांत त्याच कंपनीने नेक्सॉनसारख्या गाड्यांवर बाजारात पुन्हा जागा मिळवली. पण त्यामुळे मॉफ्लेक्सची खरी परीक्षा झालीच नाही. कमी गाड्यांत पैसे सुटतात का, घाटात, खड्ड्यांत, पावसाळ्यात ती रचना टिकते का, दुरुस्ती गावच्या गॅरेजला जमते का, हे रस्त्यावर गाडी आली असती तरच कळलं असतं. आणि तो गेम? त्याची विक्रीही २०२० मध्ये बंद झाली.

वारसा म्हणजे नक्की काय?

२०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने कुन्ताचच्या पन्नाशीनिमित्त नवी कुन्ताच काढली, फक्त ११२ गाड्या. दिसायला जुन्या गाडीची आठवण करून देणारी. त्यानंतर गांदिनींनी जाहीरपणे सांगितलं की या गाडीत आपला काही सहभाग नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की आपण आयुष्यभर मागचं मोडून नवं करत आलो. जुन्या यशाची नक्कल करणं आपल्या स्वभावाच्या उलट आहे.

८३ वर्षांच्या माणसाला स्वतःच्याच कामाचा सन्मान झाला म्हणून खूश होणं सोपं होतं. ते झाले नाहीत. म्हणून मला वाटतं, त्यांची आठवण काढताना आपण पाचर आणि दरवाजे मोजत बसलो तर त्यांनी जे नाकारलं तेच आपण करतोय.

जानेवारी २०२४ मध्ये तुरीनच्या पॉलिटेक्निकने त्यांना मेकॅनिकल इंजिनिअरिंगची मानद पदवी दिली. डिझाइनची नाही, इंजिनिअरिंगची. मृत्यूच्या दोन महिने आधी.

आणखी एक काम फार कमी लोकांना माहीत आहे. १९९० मध्ये रेनॉने एक मोठा ट्रक आणला, पुढे तो मॅग्नम म्हणून ओळखला गेला. त्याच्या डिझाइनवर गांदिनींनी काम केलं होतं. साधारण ट्रकमध्ये इंजिनचा उंचवटा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसतो. इथे केबिन इंजिनपासून वेगळी करून वर उचलली, त्यामुळे आतली जमीन सपाट झाली. ड्रायव्हर आत सरळ उभा राहू शकत होता, फिरू शकत होता. रात्र-रात्र त्यात काढणाऱ्या माणसाला याची किंमत कुन्ताचच्या दरवाजापेक्षा जास्त असणार.

आपल्या रस्त्याचा प्रश्न

आता आमच्याकडे या. कुन्ताचची उंची १०७ सेंटिमीटर आणि जमिनीपासून अंतर नावाला. कापूरहोळहून भोरला येतानाच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला ती पोट घासेल. तिचा प्रश्न आमचा नाही.

आमचे प्रश्न वेगळे आहेत. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या गावांतून बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये माणसं, दुधाचे कॅन, तांदळाची पोती आणि शाळेची पोरं एकत्र बसतात. मागच्या बाकावरचा माणूस घाटात कशाला धरतो? मढे घाटाच्या बाजूला पावसात काचेवर वाफ धरते तेव्हा ड्रायव्हरला काय दिसतं? इलेक्ट्रिक तीनचाकी पोती भरून चढाला लागली की बॅटरीचं वजन कुठे असलं पाहिजे: पायाशी की कॅरियरला? आणि असं वाहन एका तालुक्यापुरतं, काही शे नगच बनवायचं असेल तर डायचा खर्च कोण करणार? शेवटचा प्रश्न तर थेट मॉफ्लेक्सचाच आहे, फक्त स्पोर्ट्स कारऐवजी मालवाहू गाडीसाठी.

हे कुणी करायचं? तुमच्यापैकीच कुणीतरी. डिझाइन शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी आहे, तिथे यूसीड आणि सीड या परीक्षांतून जाता येतं; लोणी काळभोरच्या एमआयटीच्या डिझाइन संस्थेत वाहन डिझाइन शिकवतात. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला टीममध्ये घुसा. तिथे गाडी स्वतः वेल्ड करावी लागते. आयटीआयवाल्यांनो, डाय आणि जिग-फिक्स्चर ज्याला कळतात त्याला कमी खर्चात बनवणं काय असतं हे डिझायनरपेक्षा आधी कळतं. आणि आत्ता हातात फक्त फोन असेल तरी ऑनशेपसारखं थ्रीडी डिझाइनचं अॅप त्यावर चालतं, सार्वजनिक फाइल्ससाठी फुकट.

मामेभावाने किट मागवलेलं नाही, निदान अजून तरी. सध्या तो सुट्टीच्या दिवशी गावातल्या एका पिकअपच्या मागच्या फाळक्यावर डोकं चालवतोय. ते फाळकं उघडलं की खाली लोंबतं आणि दुधाचे कॅन चढवणाऱ्या बाईला दीड हात लांबून वाकावं लागतं. त्याने वहीत तीन बिजागऱ्या काढल्यात आणि कुठलीच बरोबर बसत नाहीये. फॅक्टरीतून निघालेल्या गाडीत काय बदललं तर कायद्यात बसतं, हे त्याला आधी आरटीओत विचारायला सांगितलंय.